तुरेवाली कोळंबी

९ फेब्रुवारी, सकाळ

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची एक दुपार आज उगीच आठवली. भाड्याची एक खोली, तिला एक खिडकी. आम्ही दोघं जमिनीवर बसून मटार सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते. यांच्या हातात एकच शेंग होती, तीही अर्धी उघडलेली. आतून एक हिरवी अळी डोकं वर काढून बघत होती, आणि हे तिच्याकडे बघत होते. मी म्हटलं, अहो, ती टाका आणि पुढची घ्या. तर म्हणाले, थांब, ती वळतेय. मग मीही बघत बसले. त्या दिवशी भातात मटार पडले नाहीत.

अशा माणसाने निवृत्तीनंतर कोळंब्या पाळल्या यात नवल ते काय! खायच्या नव्हेत. काचेच्या टाकीत, गोड्या पाण्यात, नखाएवढ्या, लालभडक. पण आता मोतीबिंदू इतका पिकलाय की यांना टाकी म्हणजे हिरवट धुकं आणि त्यात लाल शिंतोडे. रक्तातली साखर ऐकत नव्हती म्हणून ऑपरेशन लांबत होतं. आज डॉक्टरांनी तारीख दिली. २६ मार्च. दुसऱ्या दिवशी पट्टी निघेल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता हे म्हणाले, पट्टी निघाली की आधी माझ्या कोळंब्या बघणार. यांचा हात धरून बायको उतरत होती. असो.

संकल्प : तोपर्यंत टाकीची सगळी जबाबदारी माझी. कोणाची मदत घ्यायची नाही. वन्संची तर नाहीच नाही.

११ फेब्रुवारी

वन्सं आल्या. यांची धाकटी बहीण, मागच्याच गल्लीत राहतात. यांच्याकडून चार कोळंब्या नेऊन त्यांनीही टाकी थाटली आहे. मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही.

म्हणाल्या, वहिनी, झेपणार आहे का? नाहीतर दादाचं ऑपरेशन होईपर्यंत टाकी माझ्याकडे ठेवा.

मी शांतपणे आठवण करून दिली की मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, पानावरचा अनुस्वार जागचा हलला तर मला दिसतो. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये नेचर स्टडीचं बक्षीस मला होतं. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी निरीक्षण करते.

वन्सं म्हणाल्या, निरीक्षण करा हो, पण अधूनमधून बघतही जा.

१४ फेब्रुवारी

उत्तम चाललं आहे. माझ्या हाताला गुण आहे, हे मी कधी बोलून दाखवलं नाही इतकंच.

संध्याकाळी हे काचेजवळ येऊन बसतात आणि विचारतात, काय म्हणतायत? मग मी सांगते. आज एक आजीबाई पानाच्या टोकावर बसून दोन्ही हातांनी भराभर शेवाळ खात होती, थेट आमच्या विणकामाच्या सिस्टर. तोंडात शब्द नाही, हाताला उसंत नाही. दोन पोरीसोरी फिल्टरच्या नळीवर चढून खाली घसरत होत्या. हे हसले. म्हणाले, मला कधी एवढं दिसलं नाही गं.

अर्थात.

२० फेब्रुवारी

कोळंबी वाढली की आपली कात टाकते. आज पहिल्यांदा नीट पाहिली. अख्खी कोळंबीच, मिशांसकट, फक्त आत कोळंबी नाही. काचेच्या कागदाची असावी तशी. मला लेकीचं पहिलं झबलं आठवलं. ते अजून ट्रंकेत आहे.

यांच्या पुस्तकात लिहिलंय की कात टाकीतच राहू द्यावी, कोळंब्या ती खातात, कॅल्शियम मिळतं. बघा, मायाही आणि कॅल्शियमही. फिल्टरकडे वाहून गेलेल्या काती मी चिमट्याने गोळा करून एका कोपऱ्यात रचून ठेवते.

२२ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

भिंग घेऊन बसले होते. एका कोळंबीच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधोमध, पांढरा तुरा! बारीक, मोत्यासारखा, चार-पाच तंतूंचा. मग दुसरीला. मग आजीबाईंना. आठ वर्षांत यांच्या टाकीत असं काही झालेलं नाही. माझ्या हाताखाली दोन आठवड्यांत झालं. याचा अर्थ काय तो मी काढायला नको, आपोआप निघतो.

नाव सुचलं : तुरेवाली.

इंटरनेटवर मुद्दाम पाहिलं नाही. तिथे माणसाला शिंक आली तरी शेवटी मरणच निघतं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, तुरा? आपल्याकडे कधी नव्हता तुरा. मी म्हटलं, तुम्हाला हल्ली दिसत कुठे होतं. हे काचेजवळ आणखी सरकले. मग हळूच म्हणाले, हलतात का गं ते?

मी म्हटलं, डौलाने.

२५ फेब्रुवारी

सगळ्यांत मोठे तुरे असलेल्या निवडून काढल्या. उत्तम वंश वाढवायचा तर दानही सढळ हवं. जोडी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना. त्यांच्या दवाखान्यात लोक तोंड उघडून बसतात, त्यांना बघायला काहीतरी हवं. आणि चार वन्संना. सोबत सुंदर अक्षरात कार्ड : तुरेवाली, वहिनीकडून.

वन्संनी कार्ड वाचलं, कोळंब्या पाहिल्या, आणि त्यांच्या टाकीत सोडल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मत्सराला आवाज नसतो.

१ मार्च

तुऱ्यांचं प्रमाण वाढतं आहे. आता जवळजवळ सगळ्यांना. आनुवंशिकता म्हणतात ती हीच. विशेष म्हणजे जन्मल्यानंतर येते.

दोन कोळंब्या गेल्या. वयोमानानुसार.

यांना दोन गेल्याचं सांगितलं नाही. ऑपरेशनआधी साखर वाढायला नको.

४ मार्च

दंतवैद्य वर आले होते. दात कोरताना लावतात तो दुर्बिणीसारखा चष्मा लावूनच आले. ताई, जरा तुमच्या टाकीत बघू का, म्हणाले. बघत बसले, बघत बसले. मग म्हणाले, ताई, तुऱ्याला तोंड असतं का?

म्हणजे?

म्हणजे हा तुरा आत्ता खाली वाकला, काहीतरी उचललं, गिळलं आणि परत ताठ झाला.

मी म्हटलं, तुम्हाला सगळीकडे तोंडंच दिसणार.

ते म्हणाले, जंत आहेत हो, ताई. माझ्याकडची जोडी मी कालपासून बघतोय.

सुशिक्षित माणसाने घरी येऊन असं बोलावं!

४ मार्च, संध्याकाळ

तोंड आहे.

४ मार्च, त्यानंतर

अखेर इंटरनेट पाहिलं. कोळंबीच्या डोक्यावर मुक्काम ठोकणारा पांढरा जंत. कोळंबी जे खाते त्यातलं उष्टं खातो, कल्ल्यांत अंडी घालतो. एखाददुसरा असला तर कोळंबी चालवून घेते, घरोघरी एखादा असतोच. पण फार झाले की ती थकत जाते.

हे काचेजवळ येऊन बसले. काय म्हणतायत आपल्या तुरेवाल्या? मी म्हटलं, मजेत आहेत. जेवणं चालली आहेत. हे काही खोटं नव्हतं. कोणाची ते मी सांगितलं नाही.

नवा संकल्प : २६ मार्चच्या आत टाकी निर्मळ. यांना कळायच्या आधी, वन्संना कळायच्या आधी.

५ मार्च

वन्संना कळलं. दंतवैद्यांच्या तोंडून. दुसऱ्याचं तोंड उघडायचं शिकलेत, स्वतःचं मिटायचं राहून गेलं.

वन्सं फोनवर म्हणाल्या, वहिनी, तुम्ही मला जंत भेट दिलेत. आणि वर कार्ड!

मी म्हटलं, प्रेमाने दिलेलं होतं.

मग तास सुरू झाला. कपभर पाण्यात चमचाभर मीठ. कोळंबी त्यात अर्धा मिनिट, जास्त नाही. जंत गळून पडतात. आणि मुख्य म्हणजे कात दिसली की त्याच क्षणी बाहेर काढायची, अंडी तिच्यातच राहतात. ऐकताय ना, वहिनी? कात काढायची. पुन्हा सांगा बघू.

मी म्हटलं, काढते, काढते. मुख्याध्यापिकांना हो म्हणावं आणि आपलं काम करावं. हे मी शाळेतच शिकले.

८ मार्च

मीठस्नान. चहाचं गाळणं, दोन कप, भिंग, घड्याळ. पहिली तुकडी अर्धा मिनिट. काय सांगावं! जंत टपाटप गळाले. डोकी लख्ख. विजय.

दुसऱ्या तुकडीच्या वेळी लेकीचा फोन आला. तिच्या बाबांच्या साखरेबद्दल विचारत होती. दोन शब्द बोलले असेन. लेकीशी दोन शब्द म्हणजे कसे असतात ते आयांनाच माहीत. परत आले तर तुकडी आडवी. त्या मुळातच नाजूक होत्या.

काती मात्र सांगितल्याप्रमाणे बाहेर काढल्या. एक एक, चिमट्याने, न मोडता. वाडग्यात टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवल्या. आंघोळी आटोपल्यावर परत कोपऱ्यात नेऊन रचल्या. फेकणं वन्संना जमतं. त्यांच्या घरी कालचं वर्तमानपत्रसुद्धा दुपारपलीकडे जगत नाही. आजारपणातून उठलेल्या जिवांना कॅल्शियम नको?

यांना म्हटलं, आज सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. हे म्हणाले, कोळंब्यांच्या? मी म्हटलं, पाण्यात राहतात म्हणून काय आंघोळ करायची नाही?

१२ मार्च

एकही तुरा नाही. वन्संना फोन करून नुसतं एवढंच म्हटलं की आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, तुमच्याकडे कसं काय? म्हणाल्या, अजून दोघींना आहेत, करतेय. मी सहानुभूती दाखवली. फार दिवसांनी एवढी मनापासून.

१७ मार्च

तुरे.

१७ मार्च, दुपार

हे माझ्या चुकीने झालेलं नाही एवढं निश्चित. दुकानदाराने जानेवारीत दिलेल्या पाणवनस्पतीचा संशय. त्याच्याकडे गेले आणि चार शब्द सुनावले. तो माशांना खायला घालता घालता मागे न बघता म्हणाला, काकू, कात काढता ना?

मी म्हटलं, नियमित काढते.

खरंच काढते. पुढे काय करते ते त्याने विचारलं नाही.

१९ मार्च

दुसरं मीठस्नान. फोन बंद ठेवला होता. सगळ्या जगल्या. लेक घाबरून वन्संकडे फोन करत बसली, वन्सं घाबरून धावत आल्या, दार वाजवलं, आणि मी हातात गाळणं घेऊन दार उघडलं. हे आतून म्हणाले, कोण आलंय? मी म्हटलं, कोणी नाही. वन्सं म्हणाल्या, मी आलेय, दादा, पण वहिनी म्हणतात म्हणजे नसेन.

स्वयंपाकघरात वन्संची नजर वाडग्यावर पडली. हे काय?

काती.

काढून ठेवल्यात?

हो.

कशाला?

परत घालायला.

वन्सं खुर्चीवर बसल्या. मग पाणी मागितलं. मी दिलं. प्यायच्या आधी त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला.

१९ मार्च, संध्याकाळ

भिंगाखाली एक कात धरली. कल्ल्यांच्या जागी दाण्यांसारखी अंडी, ओळीने. म्हणजे मी पाहुण्यांना दारातून घालवत होते आणि त्यांची पोरं उचलून पाळण्यात ठेवत होते.

हे मला कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

२१ मार्च

ऑपरेशनला पाच दिवस. आता फुंकर घालून भागणार नाही, घाव घालायला हवा. दंतवैद्यांच्या कुत्र्याला जंताची गोळी देतात. कोळंबीवाले लोकही टाकीत तीच चिमूटभर टाकतात म्हणे. दंतवैद्य म्हणाले, ताई, ही वीस किलोच्या कुत्र्याची आहे हं, आणि टाकीतल्या गोगलगायींना चालत नाही असं ऐकलंय. मी म्हटलं, जंत कुत्र्याचा काय, कोळंबीचा काय, हट्ट सारखाच.

चिमूट म्हणजे नेमकी कोणाची? माझी चिमूट हलकी पडेल म्हणून अर्धी गोळी.

२३ मार्च

जंत मेले. एकूण एक. हे आधी लिहून ठेवते.

गोगलगायीही मेल्या. त्या इतक्या जणी होत्या हे आज कळलं. खडीखालून, झाडामागून, फिल्टरमागून. टाकीला वास येतो आहे. पाणी दुधासारखं.

हे म्हणाले, कसला वास गं? मी म्हटलं, औषधाचा. जवळपास खरं होतं.

२४ मार्च

पाणी एका दमात सगळं बदललं. स्वच्छ, गार, नवं. पुस्तकात म्हणे थोडं थोडं बदलायला सांगितलंय. ते पान मी नंतर वाचलं.

बऱ्याच लाल आडव्या पडल्या. आजीबाईही गेल्या. पानावरच होत्या. मला वाटलं, आज सावकाश जेवतायत.

संध्याकाळी यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, आज सगळ्या शांत आहेत. हे म्हणाले, आणि त्या विणकामाच्या सिस्टर? मी सांगितलं त्यांचं. आज स्वेटरची बाही पूर्ण झाली म्हणून. बरीच लांब सांगितली. मग कांदा चिरायला उठले, आज भाजीत कांदा नव्हता तरी.

२५ मार्च

एक मार्ग उरला होता. दुकानात गेले. लाल द्या, मिळतील तितक्या. दुकानदार म्हणाला, काकू, लाल संपल्या, निळ्या आहेत.

विचार केला. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की नव्या डोळ्याला सुरुवातीला सगळं निळसर दिसतं, घाबरू नका. आता विज्ञानच आपल्या बाजूने आहे तर आपण का मागे राहावं? निळ्या घेतल्या.

२६ मार्च

ऑपरेशन नीट झालं. बाहेरच्या बाकावर वन्सं आणि मी. वन्संनी माझा हात धरला होता. का मी त्यांचा, ते आठवत नाही. त्या वेळी दोघी कोळंबीबद्दल बोललो नाही. चारच वाक्यं बोललो, आणि एकातही कोणी कोणाला शिकवलं नाही. नोंद करावी असा प्रसंग.

२७ मार्च

पट्टी निघाली. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली, यांनी दोन म्हटलं. मग माझ्याकडे वळले, म्हणाले, केस कधी पांढरे झाले गं एवढे? ही पहिली पावती.

घरी आल्यावर चपला काढल्या न काढल्या तोच टाकीपाशी. मी मागे उभी. हे वाकले. काच डाव्या बाजूने पाहिली, उजव्या बाजूने पाहिली. फिल्टरचा आवाज तेवढा.

म्हणाले, निळ्या कुठून आल्या?

मी म्हटलं, नवा डोळा आहे ना, डॉक्टर म्हणालेच होते...

हे म्हणाले, खिडकीचा पडदा लालच दिसतोय.

मग मी सांगितलं. तुरे, मीठ, फोन, काती, गोळी, सगळं. सांगायला अपेक्षेपेक्षा फार कमी वेळ लागला. हे मान हलवत होते. म्हणाले, जंताचं माहीत होतं मला. चार तारखेलाच दंतवैद्य जिन्यात भेटला होता.

मग रोज मला विचारत का होतात, काय म्हणतायत म्हणून?

हे टाकीतच बघत होते. कोपऱ्यात सात लाल उरल्या होत्या, झाडामागे दडून. म्हणाले, तू सांगत होतीस ना, त्या कोळंब्या फार चांगल्या होत्या. मला त्या बघायच्या होत्या.

राग केला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तयारी होती.

२९ मार्च

काल यांना वन्संकडे घेऊन गेले. वन्संची टाकी निर्मळ आहे. यांच्या मूळच्या चार, माझ्या चार, आणि त्यांची लेकरंबाळं, इतकी की खडी दिसत नाही. एकीच्याही डोक्यावर काही नाही. हे काचेला नाक लावून बसले ते चहा गार झाला तरी उठेनात. वन्सं एक शब्द लागट बोलल्या नाहीत. त्यानेच जास्त लागलं.

तेव्हा विचारपूर्वक, आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, ठरवते की :

उरलेल्या सात लाल कोळंब्या वन्संना. आधी मिठात बुडवून घ्याव्यात. किती वेळ ते त्यांनीच मोजावं.

निळ्या दुकानदाराला परत. त्यांनी माझ्याकडे चार दिवस काढले आहेत, त्यामुळे त्यांना चांगली जागा द्यावी.

अर्धी गोळी दंतवैद्यांच्या कुत्र्याला. ती त्याचीच होती.

टाकी, फिल्टर आणि दिवा लेकीला, हवा असेल तर. झाडं लाव म्हणावं. हलतं काही नको.

यांची गुबगुबीत उशी वन्संकडे पाठवायची. त्यांच्या खुर्च्या शाळेतल्यासारख्या आहेत, यांची पाठ धरेल. डोळ्यांत घालायचे थेंबही तिकडेच, सकाळचे. साखरेच्या चहाबद्दल हे काहीही सांगोत, डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही.

आणि हे स्वतः. सकाळी वन्संना. संध्याकाळी मला, आणि तिकडे काय काय पाहिलं ते नीट सांगायला लावायचं, पहिल्यापासून.